प्लॉट घेताय? पावसाचं पाणी कुठून जातं, हे आधी बघा. बीडमध्ये नियम काय सांगतात?

बीडच्या आसपास प्लॉटिंगची साइट बघायला जायचा हंगाम म्हणजे उन्हाळा. मोकळ्या रानात चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात, कोपऱ्यांना दगड रोवलेले असतात, मधून मुरूम टाकलेला रस्ता असतो. ‘तीस बाय चाळीस, कॉर्नर, एनए, क्लिअर टायटल’ असं सगळं सांगितलं जातं. त्या रखरखीत जमिनीवर उभं राहून ‘इथून पावसाळ्यात पाणी कुठे जातं?’ असं कुणी विचारत नाही. विचारावंसं वाटत नाही, कारण पाण्याचा टिपूसही दिसत नसतो.

मग घर बांधून होतं आणि एखाद्या सप्टेंबरमध्ये रस्त्यावरचं पाणी उंबरठ्याशी येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडसह मराठवाड्याने अतिवृष्टी आणि पूर दोन्ही अनुभवले. नदीकाठच्या गावांचं दुःख आपण बातम्यांत पाहिलं. पण नदीपासून लांब असलेल्या नव्या वसाहतींमध्येही पाणी शिरतं, तेव्हा त्याचं कारण नदी नसते. तिथे पाण्याची वाट अडलेली असते.

बांधकाम करताना पावसाच्या पाण्याचं काय करायचं, याचे नियम महाराष्ट्रात आहेत आणि ते बीडलाही लागू आहेत. अडचण अशी की हे नियम ज्या पातळीवर काम करतात, तिथे आपण घर घेणारे लोक बघतच नाही. आपण आपला प्लॉट बघतो. नियम लागू होतो तो मुख्यतः संपूर्ण लेआउटला.

आधी थोडं गणित

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की आपण त्याला अतिवृष्टी म्हणतो. तीस बाय चाळीसचा प्लॉट म्हणजे १,२०० चौरस फूट, साधारण १११ चौरस मीटर. त्यावर ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर ७,२०० लिटर पाणी होतं. एका घराचं एवढं.

आता पाच एकरांचं शेत घ्या. त्यावर त्याच दिवशी सुमारे १३ लाख लिटर पाणी पडेल. शेत असताना त्यातलं बरंच मुरतं, बांधाला अडतं, सरीत थांबतं. समजा तीस टक्के वाहून गेलं, तर ते होतं चार लाख लिटर. त्याच शेतावर सिमेंटचे रस्ते, स्लॅब आणि फरशी टाकलेली अंगणं आली आणि पंचाहत्तर टक्के पाणी वाहू लागलं, तर आकडा जातो दहा लाख लिटरच्या जवळ. टक्केवारी जमिनीनुसार बदलेल, हा ढोबळ अंदाज आहे. पण पाऊस तेवढाच असताना खालच्या बाजूला दहा हजार लिटरचे साठेक टँकर जादा पाणी जातं, हे यातून कळतं. शिवाय ते लवकर जातं. शेतातून दिवसभर पाझरत जाणारं पाणी डांबरावरून तासाभरात खाली पोचतं.

बीड शहराची जागाही या बाबतीत नाजूक आहे. बिंदुसरा बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून वाहते आणि पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला मिळते. डोंगर जवळ असल्यामुळे पाणी येतं ते झपाट्याने. २३ जुलै १९८९ च्या बिंदुसरेच्या पुरात शहरात जीवितहानी झाली होती. जुनी माणसं आजही त्याच्या आठवणी सांगतात.

आणि हाच जिल्हा उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावतो.

नियम नेमका कोणता?

डिसेंबर २०२० पासून राज्यात ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ लागू आहे. नगररचनावाले आणि बिल्डर तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर बहुतेक सगळ्या महाराष्ट्राला ती लागू होते. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, धारूर या नगरपरिषदा असोत किंवा आष्टी, पाटोदा, केज, वडवणी, शिरूर कासारच्या नगरपंचायती, नियमांचं पुस्तक एकच. शहराच्या हद्दीत परवानगी नगरपरिषद देते. हद्दीबाहेर जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाचा संबंध येतो.

या नियमावलीत पावसाच्या पाण्याचा विषय एका ठिकाणी नाही, चार-पाच ठिकाणी विखुरलेला आहे. म्हणूनच तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे जागेची योग्यता. ज्या जागेचा निचरा नीट होत नाही आणि होऊही शकत नाही, तिथे बांधकामाला परवानगी नाकारता येते. जोत्याची उंचीही ठरलेली आहे: आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट. पूर येणाऱ्या भागात ती पुराच्या कमाल पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर हवी. (प्रत्यक्षात दर दोन-तीन वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो आणि तुमचं एक फुटाचं जोतं रस्त्याच्या पातळीला येतं. नियम जमिनीपासून मोजतो आणि रस्ता वाढत राहतो.)

दुसरी गोष्ट आहे रेनवॉटर हार्वेस्टिंग, म्हणजे पर्जन्यजल संचय. नियमावलीच्या १३.३ क्रमांकाच्या तरतुदीनुसार लेआउटमधल्या खुल्या आणि सुविधा जागांवर, तसंच ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामात, पुनर्बांधणीत आणि वाढीव बांधकामात ही व्यवस्था करणं बंधनकारक आहे. ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची. व्यवस्था केली नाही किंवा बंद पडू दिली, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला एक हजार रुपयांपर्यंत आकार लावता येतो.

५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. आता सांगा, बीडमध्ये पाच गुंठ्यांवर घर बांधणारे किती? आपले बहुतेक प्लॉट एक-दीड-दोन गुंठ्यांचे. म्हणजे पाच एकरांवर शंभर घरं झाली, तरी त्यातल्या एकालाही वैयक्तिकरीत्या हा नियम लागू होत नाही. त्यातच १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर ‘कमी जोखमीचं’ बांधकाम म्हणून परवानगीची प्रक्रियाही सोपी केलेली आहे. नियम पाळायचेच असतात, पण आधी फाईल तपासली जात नाही.

मग नियमाच्या हातात उरतं काय? लेआउटमधली खुली जागा.

ती दहा टक्के जागा

०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठं लेआउट असेल तर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी खुली सोडावी लागते. नकाशात तिच्यावर ‘ओपन स्पेस’ लिहिलेलं असतं. पाच एकरांच्या लेआउटमध्ये ही जागा वीसेक गुंठे होते. छोट्या प्लॉटांच्या वसाहतीत पावसाचं पाणी मुरवण्यासाठी सगळ्यांच्या मालकीची अशी ही एकमेव मोठी जागा. १३.३ ची तरतूद तिला नावानिशी लागू आहे.

आपण तिच्याकडे कसं बघतो? तिथे कधी सभामंडप उभा राहतो, कधी देवळाचा ओटा, कधी राडारोडा टाकला जातो, आणि ‘बाग’ झाली तर तिलाही पेव्हर ब्लॉक बसवतात. पेव्हर ब्लॉकवर माझा वैयक्तिक राग आहे, पण इथे तो रास्त आहे असं मला वाटतं: पाणी मुरावं म्हणून मोकळी सोडलेली जागा आपण स्वखर्चाने बुजवतो.

म्हणून प्लॉट घेताना तुमच्या प्लॉटइतकंच या जागेकडे बघा. ती लेआउटच्या सगळ्यात उंच, टाकाऊ कोपऱ्यात आहे की उताराच्या बाजूला आहे? उंच कोपऱ्यात असेल तर वसाहतीचं पाणी तिथे पोचणारच नाही, हार्वेस्टिंगचा खड्डा कागदावर असला तरी.

खड्डा कसा हवा?

नियमावलीने पर्याय दिले आहेत. किमान एक मीटर व्यासाची आणि सहा मीटर खोल विहीर. बोअरभोवती खडी-वाळू भरलेला खड्डा. जमिनीखालची साठवण टाकी. किंवा शोषखड्डे आणि चर. शोषखड्ड्याचं माप साधारण १.२ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि दोन ते अडीच मीटर खोल. त्यात तळाला निम्म्या खोलीपर्यंत ४० मिलिमीटरची खडी, त्यावर २० मिलिमीटरची खडी, मग जाड वाळू, वर बारीक वाळूचा पातळ थर, आणि वरचा सुमारे दहा टक्के भाग रिकामा. गच्चीच्या दर १०० चौरस मीटरमागे १०० मिलिमीटरचे, म्हणजे चार इंची, किमान दोन पाइप हवेत. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह हवा आणि पाइपांच्या तोंडाला डास जाणार नाहीत अशी जाळी हवी. हे पाणी शक्यतो पिण्या-स्वयंपाकासाठी वापरायचं नाही. या रचना एफएसआयमध्ये मोजल्या जात नाहीत, त्यामुळे बांधकामाचं क्षेत्र कमी होईल ही भीती नको.

बीडसाठी यात एक स्थानिक अडचण आहे: काळी माती. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पहिला पाऊस ती गटागटा पिते. पण एकदा भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचतं. शोषखड्डा काळ्या मातीतच संपला तर तो सप्टेंबरमध्ये नुसतं डबकं होईल. तो खालच्या मुरमापर्यंत, सच्छिद्र थरापर्यंत जायला हवा. आणि पायापासून लांब हवा, कारण पायाजवळची काळी माती ओली-सुकी होत राहिली की भिंतींना तडे जातात. पाणी मुरवताना इमारतीला ओल येऊ नये, धोका होऊ नये, हे नियमावलीतही लिहिलंय.

एका खड्ड्याकडून फार अपेक्षाही ठेवू नका. वरच्या मापाचा दोन मीटर खोल खड्डा जेमतेम तीन घनमीटरचा; आत खडी-वाळू असल्याने पाण्याला मिळणारी जागा त्याच्या निम्म्याहूनही कमी. तुमच्या प्लॉटवर मात्र अतिवृष्टीच्या दिवशी ७,२०० लिटर पडणार आहे. म्हणजे उरलेल्या पाण्याला नाली हवीच. खड्डा आणि नाली या दोन्ही गोष्टी लागतात. बिल्डर बहुतेकदा एक दाखवून दुसरीचा विषय टाळतो.

एक चूक मात्र अगदी सर्रास होते. गच्चीचा पाइप सेप्टिक टँकच्या चेंबरमध्ये सोडतात. जोराचा पाऊस झाला की टाकी भरून वाहते आणि संडासाचं पाणी अंगणात येतं. पावसाचं पाणी आणि सांडपाणी या दोन वेगळ्या लाइन आहेत, हे गवंड्याला सुरुवातीलाच सांगा.

निळी रेषा, लाल रेषा

नदीकाठच्या जागेसाठी वेगळा नियम आहे. जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बाग, लॉन, पार्किंग, उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी असे वापर चालतात. नवं घर चालत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. अर्थ असा असतो की दर वर्षी चार टक्के शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत, तर हप्ते फिटेपर्यंत तसा पूर किमान एकदा येण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या पुढे जाते. शंभर वर्षांच्या पुराचीही वीस वर्षांत सुमारे १८ टक्के. बँकेचा माणूस हे सांगणार नाही.

आणि प्रत्येक ओढ्याला पूररेषा आखलेली नसते. शहराबाहेरची बहुतेक नवी प्लॉटिंग अशाच बिनरेषेच्या ओढ्या-नाल्यांवर आहेत.

नाला कुणाचा?

‘नाला आमच्या गटातून जातो, म्हणून आमचाच’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले यांचं पात्र आणि वाहतं पाणी, दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध होत नसेल तर, सरकारी मालमत्ता आहे. त्यामुळे लेआउटमध्ये नाला पाइपात घालून वर प्लॉट पाडले असतील, तर तो प्लॉट विकायचा हक्क मुळात होता का, हा प्रश्न उभा राहतो. पाइपाच्या आकाराचा मुद्दा त्याहून वेगळा. तीन फुटी पाइपात दहा फुटी नाला मावत नाही, यासाठी इंजिनिअर लागत नाही.

हे शोधायचं कसं? भूमी अभिलेख विभागाचा जुना गाव नकाशा काढा, त्यावर ओढे-नाले दाखवलेले असतात. मूळ सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ बघा. त्यातल्या ‘ब’ वर्गात रस्ते, नाले अशा सार्वजनिक वापराखालची जमीन येते. मूळ गटाच्या सातबाऱ्यावर ‘ब’ वर्गाचा पोटखराबा आहे आणि मंजूर लेआउटच्या नकाशात नाला नाही, असं दिसलं तर तो गेला कुठे हे विचारा. उपग्रहाच्या जुन्या चित्रांतही ओढ्याची हिरवी रेघ दिसते. लेआउट मंजुरीचं पत्र मागून घ्या. त्यात रस्ते, नाल्या, खुली जागा यांच्या अटी सहसा लिहिलेल्या असतात. विकणारा नकाशा दाखवतो आणि पत्र दाखवत नाही, असं झालं तर नगरपरिषदेत माहितीच्या अधिकारात ते मिळतं.

गुंठेवारीतल्या जागांचं दुखणं आणखी जुनं. मंजूर लेआउटच नसल्याने तिथे खुली जागाही नाही आणि नालीची अटही नाही. सरकारने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी नियमित करण्याची सोय केली. त्याने कागद सरळ होतात, उतार होत नाही.

पाणी शिरलंच तर कुणाकडे जायचं?

हे तुम्ही कोण आहात त्यावर आहे.

वसाहतीच्या वरच्या बाजूला तुमचं शेत आहे आणि प्लॉटिंगवाल्याने आवारभिंत घालून पाणी अडवलंय, पिकं सडताहेत, असं असेल तर तहसीलदारांकडे जा. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ मध्ये शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहातला बेकायदा अडथळा काढून टाकण्याचा अधिकार त्यांना आहे. रस्त्याच्या भांडणांमुळे हे कलम गावोगाव माहीत आहे. पाण्यासाठीही ते आहे, हे कमी जणांना ठाऊक असतं. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

तुम्ही खालच्या बाजूला आहात तर गोष्ट अवघड होते. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकरीत्या खाली येत असेल तर खालच्याने ते येऊ द्यायचं, हे तत्त्व सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ७ मध्ये उदाहरणासह दिलंय. गोम ‘नैसर्गिकरीत्या’ या शब्दात आहे. वरच्याने सगळ्या वसाहतीचं पाणी गोळा करून एका पाइपाने तुमच्या बांधावर सोडलं, तर ते नैसर्गिक उरत नाही. पण हे भांडण दिवाणी न्यायालयात जातं आणि तिथला वेळ आपल्याला माहीत आहे.

तुम्ही फ्लॅट किंवा प्लॉट बिल्डरकडून घेतला असेल तर महारेराकडे बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी लागते, आणि त्यात प्लॉटिंगही येतं. प्रकल्पाच्या पानावर अंतर्गत रस्ते, सांडपाणी, पावसाळी गटारं अशी कामं आणि ती किती टक्के झाली हे दिलेलं असतं. खरेदीआधी ते पान उघडून प्रत्यक्ष साइटशी ताडून बघा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला, तर कलम १४ नुसार बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. मागच्या बाजूला कायम पाणी साचतं, हा यात बसणारा दोष आहे.

मोठ्या गृहप्रकल्पांना, म्हणजे २०,००० चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधकामाला, पर्यावरण मंजुरीही लागते आणि तिच्यात पावसाळी पाण्याचं नियोजन तपासलं जातं. बीडमध्ये एवढे मोठे प्रकल्प कमीच.

शहराच्या हद्दीतला बुजवलेला नाला किंवा खुल्या जागेवरचं बांधकाम असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्या आणि पोच घ्या. विनापरवाना बांधकामावर नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस काढता येते. अर्जासोबत फोटो नुसते जोडू नका. त्यांवर तारीख आणि ठिकाण दिसू द्या, आणि त्या दिवशीच्या पावसाचा मंडळनिहाय आकडा लिहा. ‘दरवर्षी पाणी येतं’ यापेक्षा ‘अमुक तारखेला इतके मिलिमीटर पाऊस झाला आणि इतक्या वेळात पाणी इथवर आलं’ हे वाक्य फाईलमध्ये जास्त टिकतं.

आणि अजून प्लॉट घेतलाच नसेल, तर व्यवहार जुलै-ऑगस्टपर्यंत लांबवता येतो का बघा. जोराचा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात साइटवर जा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की हे रान असताना पाणी कुठून जायचं. तो हाताने दाखवेल. त्या दिशेला आता कुणाचा प्लॉट आहे, ते नकाशात बघून घ्या.